मुका सबवुफर आणि भोसरीतले एक दुरुस्तीचे दुकान

पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये गाडीची म्युझिक सिस्टीम विकणारी आणि बसवून देणारी दुकाने पैशाला पासरी आहेत, परंतु बिघडलेली सिस्टीम शांतपणे तपासून नेमका दोष काढून देणारे दुकान शोधावे लागते. भोसरीत पुणे-नाशिक रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेले, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढे हे दुकान त्या दुर्मीळ प्रकारातले आहे. येथे काचेच्या कपाटात मांडलेले स्पीकर नाहीत आणि निळ्या दिव्यांची रोषणाईही नाही. एक लांब टेबल, त्यावर सोल्डरिंगचे सामान, उघडून ठेवलेले चार-पाच अँप्लिफायर आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या तारांची वेटोळी, एवढाच सगळा संसार आहे. माझ्या गाडीतला सबवुफर (बेसचा, म्हणजे खर्जातल्या आवाजाचा मोठा स्पीकर) आणि त्याचा अँप्लिफायर (आवाजाचा सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा डबा) पूर्ण बंद पडले होते आणि ते येथे, नवा अँप्लिफायर न घेता, सुरू झाले. काम कसे झाले हे थोडे सविस्तर लिहितो, कारण अशा दुरुस्तीत ग्राहकाचा पैसा बहुतेक वेळा तपासणी अर्धवट सोडल्यामुळेच वाया जातो.

तक्रार अशी होती. गाडी जुनी स्विफ्ट, डेक (डॅशबोर्डवरचा म्युझिक सिस्टीमचा मुख्य संच) कंपनीचा नव्हे, बाहेरून बसवलेला, मागच्या सीटच्या पाठीला मोनो (एकाच चॅनेलचा) अँप्लिफायर आणि डिकीत १२ इंची सबवुफरचा खोका. दारांतले स्पीकर व्यवस्थित वाजत होते; सबवुफरमधून मात्र काहीच आवाज येत नव्हता आणि अँप्लिफायरवरचा हिरवा (चालू असल्याचा) किंवा तांबडा (बिघाडाचा) कोणताच दिवा लागत नव्हता. त्याआधी काही दिवस आवाज वाढवला की बेस अचानक गायब व्हायचा आणि आवाज कमी केल्यावर परत यायचा. शहरातल्या एका मोठ्या, शोरूमवजा दुकानात मी गाडी आधी दाखवली होती. तेथल्या मुलाने मीटर लावला, अँप्लिफायरपर्यंत सप्लाय येत आहे, रिमोटची (अँप्लिफायर चालू करण्याचा इशारा देणारी) तार चालू आहे, फ्यूज शाबूत आहे, म्हणजे अँप्लिफायरच गेला, असा निकाल दिला आणि नवा अँप्लिफायर व नवे वायरिंग मिळून अठरा हजारांचा आकडा सांगितला. वरवर पाहता त्याच्या म्हणण्यात चूक काढण्यासारखे काही दिसत नाही, आणि म्हणूनच असा निकाल बहुतेक लोक मुकाट्याने मान्य करतात.

भोसरीच्या दुकानात गाडीला हात लावण्याआधी प्रश्न विचारले गेले. आवाज एकदम गेला की अधूनमधून जात होता, त्या सुमारास बॅटरी बदलली किंवा काढली होती का, गाडी धुताना बॉनेटखाली पाण्याचा फवारा मारला होता का, पावसाळ्यात गाडी उघड्यावर असते का, उंदरांचा त्रास आहे का. शेवटचा प्रश्न ऐकून हसू येईल. परंतु पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला येणारे उंदीर तारा कुरतडतात हे आपल्याकडच्या कोणत्याही मेकॅनिकला ठाऊक आहे. बॅटरीच्या प्रश्नालाही अर्थ होता. बॅटरी काढल्यावर काही डेकची सेटिंग मूळपदावर जातात, सबवुफरचे आउटपुट मेन्यूत बंद होते आणि मालक निष्कारण डिकी उचकत बसतो. दुकानाचे मालक म्हणाले, “साहेब, निम्म्या गाड्या तर मेन्यूतच बऱ्या होतात, त्याचे काय पैसे घ्यायचे?” माझ्या डेकमध्ये सबवुफर चालूच होता, लो-पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे सोडणारे सेटिंग) ८० हर्ट्झवर होता, म्हणून ते गाडीच्या मागच्या बाजूला, अँप्लिफायरकडे वळले.

अँप्लिफायरला जिवंत व्हायला तीन गोष्टी लागतात: बॅटरीकडून थेट येणारी प्लसची जाड तार, गाडीच्या पत्र्याला जोडलेले अर्थिंग आणि डेककडून येणारी रिमोटची बारीक तार. डेक सुरू झाला की रिमोटच्या तारेवर सुमारे १२ व्होल्ट येतात आणि त्या इशाऱ्यावर अँप्लिफायर उठतो. येथे त्याच दिवशी उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीची गंमत सांगण्यासारखी आहे. त्या गाडीचा सबवुफर फक्त एफएम लावल्यावर वाजत असे, ब्लूटूथवर गप्प. डेकच्या मागे दोन निळ्या तारा असतात; पांढरी रेघ असलेली अँप्लिफायरसाठी आणि कोरी निळी अँटेनासाठी. बसवणाऱ्याने रिमोट कोऱ्या निळ्या तारेला जोडला होता आणि बऱ्याच डेकमध्ये त्या तारेवर रेडिओ चालू असतानाच करंट येतो. बिचाऱ्या मालकाने त्यापायी डेक बदलायची तयारी केली होती.

माझ्या गाडीत रिमोटवर १२.१ व्होल्ट आणि मुख्य तारेवर १२.४ व्होल्ट आले. म्हणजे शोरूमच्या मुलाने खोटे सांगितले नव्हते. पण ज्या ठिकाणी त्याने मीटर गुंडाळून ठेवला, त्या ठिकाणी येथे खरी तपासणी सुरू झाली. मालकांच्या भाच्याने टेबलाखालून हेडलाइटचा एक जुना एच-४ बल्ब काढला, ज्याला दोन तारा आणि टोकांना मगरचिमटे लावलेले होते. अँप्लिफायरच्या तारा सोडवून त्याने तो बल्ब प्लस आणि अर्थिंगच्या मध्ये जोडला. बारा व्होल्ट खरोखरच उपलब्ध असते, तर ५५ वॅटचा तो बल्ब डोळे दिपवील असा पेटायला हवा होता. तो लाल निखाऱ्याएवढाही तापला नाही आणि त्याच वेळी लावलेल्या मीटरचा आकडा १२.४ वरून दोनच्या खाली कोसळला. बल्ब काढला की पुन्हा १२.४.

याचे कारण विजेच्या पुस्तकातले आहे, तरी दुकानांत ते क्वचित आठवले जाते. डिजिटल मीटर तारेतून जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे वाटेत कितीही गंजलेला किंवा सैल सांधा असला, तरी त्याला पलीकडचे व्होल्ट पूर्ण दिसतात. नळ बंद असताना गाळाने भरलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसावा आणि नळ सोडल्यावर थेंब-थेंब पडावे, तसा हा प्रकार असतो. बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास करंट मागतो आणि सांध्याचे बिंग फुटते. अँप्लिफायरही सुरू होताना करंट मागत होता, व्होल्ट कोसळत होते आणि त्याच्या आतली संरक्षक व्यवस्था त्याला तत्काळ बंद करत होती. हे सगळे इतक्या थोड्या वेळात घडत असे, की मीटरचे आकडे हलेपर्यंत पुन्हा १२.४ दिसू लागत. आवाज वाढवल्यावर बेस जाण्याचा जुना त्रासही याच दोषाची सुरुवात होती.

दोष प्लसच्या वाटेवर आहे की अर्थिंगच्या, हे ठरवायला फार वेळ लागला नाही. बल्बची प्लसची बाजू तशीच ठेवून दुसरी बाजू लांब तारेने थेट बॅटरीच्या मायनसला जोडली, तरी बल्ब लागला नाही, म्हणून दोष प्लसच्या वाटेवर असल्याचे ठरले. (अर्थिंगचा बोल्ट तरीही उघडून, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून, दाते असलेला वॉशर घालून पुन्हा बसवला, कारण आधी बसवणाऱ्याने रंगावरच थिंबल, म्हणजे तारेच्या टोकाचे धातूचे कडे, आवळलेले होते.) मग बॉनेट उघडले. बॅटरीपासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूजचा पारदर्शक होल्डर होता. फ्यूजच्या अलीकडे बल्ब लख्ख पेटला, पलीकडे मेला.

होल्डर हातात घेऊन पाहिला तेव्हा तो बाहेरून स्वच्छच होता. आत काचेच्या नळीतली पट्टी अखंड दिसत होती, म्हणूनच आधीच्या दुकानात फ्यूज ‘ठीक’ ठरला असणार. पण नळीच्या एका टोकाची धातूची टोपी बोटाने फिरवली की गरगर फिरत होती; तिच्या आतले सोल्डर उष्णतेने सुटले होते. ज्या खाचेत ही टोपी बसते, तिथे हिरवट-पांढरी पूड साचली होती आणि प्लास्टिक पिवळे पडून किंचित वितळले होते. तारेचा स्क्रू सैल होता. भाच्याने तारेचा शेवटचा भाग कापला, एक धागा वेगळा करून त्यावर कटरची पात हलकेच ओढली आणि तांबूस मुलाम्याखालून अ‍ॅल्युमिनियमची पांढरी रेघ दिसली.

वायरिंग किटच्या या विषयावर थोडे थांबतो, कारण माझ्या मते दोषाचे मूळ तेथे आहे. ‘४ गेज’ (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप, आकडा लहान तितकी तार जाड) असे छापून विकली जाणारी पुष्कळ किटे तांब्याच्या मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियमची असतात. अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. म्हणजे तेवढाच करंट न्यायचा, तर तार बरीच जाड हवी. प्रत्यक्षात ती बारीकच असते आणि जाडी भरून काढली जाते रबरी आवरणाने. खऱ्या ४ गेज तारेत सुमारे २१ चौरस मिलिमीटर धातू असतो. माझ्या तारेचे आवरण सोलल्यावर आत ८ गेजच्या जवळपासचाच, म्हणजे आठेक चौरस मिलिमीटरचा गाभा निघाला. शिवाय अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबले गेले की हळूहळू पसरते, पकड सैल होते, सैल सांधा तापतो, तापलेल्या सांध्यावर ओल बसली की गंज चढतो आणि गंजामुळे तो आणखी तापतो. बॉनेटखालच्या उष्णतेत आणि आपल्या पावसाळ्यात हे चक्र पूर्ण व्हायला फार वर्षे लागत नाहीत. एवढ्यावरही माझ्या गाडीत काही पेटले नाही, याला नशीबच म्हणायचे.

पुढचे काम सरळ होते. काचेच्या नळीऐवजी दोन बोल्टांनी आवळली जाणारी चपटी पट्टी असलेला फ्यूज आणि त्याचा बंद होल्डर बसवला. बॅटरीपासून डिकीपर्यंतची तार शुद्ध तांब्याची, धाग्यांवर कथिलाचा थर असलेली घातली. थिंबल हायड्रॉलिक पकडीने दाबून वर स्लीव्ह चढवली. बॉनेटमधून केबिनमध्ये तार जिथे पत्र्यातून आत येते तिथे आधी नुसते भोक होते, तिथे रबरी ग्रोमेट (तार पत्र्याला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी) घातला. ही शेवटची गोष्ट मी सांगितली नव्हती आणि बिलात तिचा वेगळा आकारही नव्हता.

तरीही डेक लगेच चालू करून ‘झाले’ म्हटले गेले नाही, हे मला विशेष आवडले. सबवुफरच्या तारा अँप्लिफायरवरून काढून त्याची स्वतंत्र चाचणी घेतली. त्याच्यात ४ ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडलेल्या असल्याने मीटरवर २ ओहमहून किंचित कमी आकडा यायला हवा, तसा तो आला. एक कॉइल तुटली असती तर दुप्पट दिसला असता, आणि दोन्ही जळल्या असत्या तर काहीच नाही. त्यानंतर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावताच कोन, म्हणजे स्पीकरचा पडदा, ‘टक्’ असा आवाज करून पुढे आला. कोन हाताने सावकाश आत-बाहेर दाबून कॉइल घासत नाही हेही पाहिले. मग सबवुफरविनाच अँप्लिफायर चालू केला आणि हिरवा दिवा लागला. या क्रमाला कारण आहे. सबवुफर जोडल्यावरच तांबडा दिवा लागत असेल, तर दोष स्पीकरच्या तारेत किंवा कॉइलमध्ये शोधायचा. सबवुफर नसतानाही तांबडाच राहत असेल, तर अँप्लिफायर टेबलावर घ्यायचा. आरसीएच्या, म्हणजे डेककडून अँप्लिफायरला आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या, तारेची परीक्षा मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सूर वाजवून, दुसऱ्या टोकाला मीटर एसी व्होल्टवर ठेवून झाली. ती तार बरी निघाली.

गेनही (अँप्लिफायरने सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा स्क्रू) कानाने नव्हे, मीटरने लावला. माझ्या अँप्लिफायरच्या माहितीपत्रकात २ ओहमवर ३०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी शक्ती) लिहिलेले आहे. ३०० ला २ ने गुणून वर्गमूळ काढले की सुमारे २४.५ येतात, तेव्हा आउटपुटला एसी २४.५ व्होल्टच्या वर जायचे नाही, एवढा साधा हिशेब. आधीच्या मंडळींनी गेनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून ठेवला होता.

त्याच अँप्लिफायरच्या अंगावर मोठ्या अक्षरांत ‘१५०० वॅट’ असेही छापलेले आहे. त्यावर ४० अँपिअरचा फ्यूज आहे. इंजिन चालू असतानाचे १३.८ व्होल्ट धरले तरी आत जाणारी शक्ती ५५२ वॅट होते, आणि क्लास-डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या प्रकारच्या, अँप्लिफायरने त्यातले ८० टक्के बाहेर काढले तरी आकडा साडेचारशेच्या पलीकडे जात नाही. मालकांनी हा हिशेब एका नव्या ग्राहकाला माझ्यासमोर कागदावर मांडून दाखवला आणि त्याला मोठा अँप्लिफायर घेण्यापासून परावृत्त केले. धंद्याच्या दृष्टीने हा वेडेपणा असेल, मला तरी तो भावला.

अँप्लिफायरची अंतर्गत दुरुस्तीही येथे होते. टेबलावर उघडलेल्या एकात सप्लायच्या बाजूचे मॉस्फेट (एक प्रकारचे ट्रान्झिस्टर) शॉर्ट झालेले होते. अशा अँप्लिफायरला नवा फ्यूज लावला की तो लावताक्षणी उडतो आणि मग काही महाभाग मोठ्या अँपिअरचा फ्यूज, किंवा चक्क तारेचा तुकडा, घालून बोर्डाचा कोळसा करतात. बोर्डावरचे ट्रॅक जळून गेलेले असतील तर हे दुकान काम घेत नाही आणि तसे तोंडावर सांगते.

आता उणिवा. पहिली म्हणजे वेळ. सकाळी दिलेली गाडी संध्याकाळी अंधार पडल्यावर हाती आली आणि मधल्या काळात फोन उचलण्याची पद्धत येथे नाही. बसायला जागा नाही. शेजारच्या रसवंतीगृहाच्या बाकावर मी बराच वेळ काढला. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कामाआधी लेखी अंदाज मिळत नाही. तोंडी सांगितलेली रक्कम आणि शेवटची रक्कम यांत माझ्या बाबतीत फरक पडला नाही, पण तो पडला असता तर माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता. तिसरी बाब किरकोळ असली तरी खटकते. पायाजवळची प्लास्टिकची पट्टी काढताना तिची एक क्लिप तुटली आणि ती बदलण्याऐवजी पट्टी तशीच दाबून बसवली गेली. मी दाखवल्यावर “पुढच्या वेळी टाकतो, साहेब” एवढेच उत्तर मिळाले. विजेच्या कामातली काटेकोर शिस्त सजावटीच्या कामापर्यंत पोहोचलेली नाही.

पैशांचे म्हणाल तर तपासणीचे ६०० रुपये, आणि दुरुस्ती तेथेच केली तर ते बिलातून वजा होतात. तांब्याची तार, होल्डर, फ्यूज, थिंबल आणि मजुरी धरून माझे बिल चार हजारांच्या थोडे आत आले. त्यात तारेचा वाटा सर्वांत मोठा होता. नुसता होल्डर बदलूनही सबवुफर वाजला असता, हे त्यांनी आपण होऊन सांगितले होते आणि निर्णय माझ्यावर सोडला होता. तार काढून पाहिल्यानंतर ती परत घालण्याची माझी तयारी नव्हती.

हे दुकान सर्वांना सोयीचे पडेल असे मला वाटत नाही. ज्यांची गाडी अजून कंपनीच्या वॉरंटीत आहे, त्यांनी मूळ वायरिंग कापू न देता कपलरनेच जोडणी करण्याचा आग्रह धरावा. येथे ते करतात, पण कपलर ग्राहकाने आणून द्यावा लागतो. कंपनीच्याच डेकवर सबवुफर चालवायचा असेल आणि डेकला आरसीए आउटपुट नसेल, तर स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घेणाऱ्या अँप्लिफायरचे काम येथे व्यवस्थित होते असे दुसऱ्या एका ग्राहकाकडून कळले. मी ते पाहिलेले नाही. नवी सिस्टीम एकाच ठिकाणी निवडून, ऐकून, हप्त्यांवर घ्यायची असेल, तर मोठ्या शोरूमला पर्याय नाही. परंतु सर्व काही जोडलेले असून आवाज येत नसेल आणि कोणी अँप्लिफायर न उघडताच तो ‘गेला’ म्हणत असेल, तर पैसे मोजण्याआधी गाडी येथे दाखवावी. पाचपैकी मी चार देईन. पाचवा लेखी अंदाजपत्रकासाठी राखून ठेवला आहे.

केलेल्या वायरिंगची तीन महिन्यांची हमी तोंडी मिळते, जुने सामान मागितल्यास परत देतात. भोसरीच्या रिवाजाप्रमाणे गुरुवारी दुकान बंद असते, आणि रविवारी सकाळी दहानंतर गेल्यास गाडी आत घ्यायला जागा मिळत नाही.